विहिरीवरची बारी

समोरच्या सोसायटीत बोअरचं मशीन लागलंय. ओल्या दगडाच्या भुकटीचा तो वास घरात शिरला, की माझं डोकंच उठतं.

नव्वदच्या दशकात दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत हाच वास पसरला होता. वडील आणि काका एकाच विहिरीवर बागा जगवायचे. एक दिवस वडिलांची बारी, एक दिवस काकांची. कुरकुर चालायची, पण दोन्ही बागा भिजायच्या. मग वडिलांनी बोअर घेतला. काका कसले मागे राहतात! त्यांनी बांधापलीकडे लगेच तेच मशीन बोलावलं आणि नारळ फोडला.

त्यांच्या बोअरमधून पांढऱ्या चिखलाचा फवारा उडाला, तेव्हा आम्ही पोरं अंगावर घेत नाचलो. तेवढ्यात इकडे वडिलांचा पाइप खोकला आणि नुसती हवा फेकू लागला.

"माझं पाणी नेलं की रे!" वडील ओरडले.

"दादा, पाण्यावर काय तुझं नाव हाय का?" काका म्हणाले.

वडिलांनी तिथूनच मशीनवाल्याला हाक मारली, "इकडं आण परत. अजून खाली जाऊ."

आई विहिरीत डोकावत होती. वडिलांच्या बोअरनं तिचा तळ आधीच उघडा पाडला होता. "विहिरीवर बारी तरी लागायची," आई म्हणाली. ऐकतंय कोण!

आता आई माझ्याकडेच असते. खिडकीतून मशीनकडे बघत तिनं विचारलं, "या समोरच्यांचा भाऊ कुठं राहतो गं?"

एवढ्यात खाली हॉर्न वाजला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मशीनसाठी गेट उघडत होते.