कॅमेऱ्यात पुढे गेलेलं घड्याळ

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. हडपसरच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी कॅमेरा बसवला. चित्र साठवणारं संगणकातलं कार्डच त्यावर वेळ छापायचं. एकदा छापलेली वेळ नंतर पुसता येत नसे. कार्डातलं घड्याळ मी माझ्या मनगटी घड्याळावरून लावलं. बस चुकू नये म्हणून मनगटावरचं मी काही मिनिटं पुढे ठेवलेलं असे, हे विसरलोच.

बाकीचे नेहमीच उशिरा यायचे. पण वेळ कधीही न चुकवणारे फोरमन पहिल्यांदाच उशिरा ठरले. साहेबांनी सगळ्यांसमोर चित्र दाखवलं.

फोरमन म्हणाले, "मी वेळेवरच आलो, साहेब. तुमची वेळच आज लवकर आली असेल!"

सगळे हसले, पण त्यांचा वक्तशीर म्हणून असलेला मान गेला. मी गुपचूप कार्डातलं घड्याळ मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी चित्रात वेळेवर दिसलेल्या फोरमननी मला चहा पाजला.

"माझ्या संगतीनं तुमच्या यंत्रालाही शिस्त लागली हो!"

'चूक माझी होती, माफ करा,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "साखर जरा कमी आहे."