खादीतला उभा दोरा

गुपित काय आहे हे कळण्याआधीच मित्राला दिलेला शब्द तुम्ही पाळाल का? लगेच उत्तर देऊ नका. मी लगेच दिलं होतं.

तो आणि मी सोलापुरात एकाच गल्लीत वाढलो. माझे वडील छापखान्यात होते. पाटीपेक्षा बिघडलेल्या पत्रकांवरच मी जास्त अक्षरं शिकलो. त्याच्या घरी माग होते. सोळाव्या वर्षी आम्ही विलायती कापडाविरुद्धची पत्रकं भिंतींवर चिकटवत फिरायचो. सुताला लावायची खळ त्याच्या घरून वाडगाभर पळवायची, आणि त्याच्या आईच्या तेलुगू शिव्या दोघांनी मिळून खायच्या.

पुढं मी साप्ताहिक काढलं आणि त्यानं मागांवर खादी विणायला घेतली. होटगीकडच्या बायका घरी कातलेलं सूत त्याला आणून द्यायच्या. त्या कापडावर मी दोनदा लिहिलं. ‘उभा-आडवा प्रत्येक दोरा चरख्यावरचा’ हे वाक्य माझं. लोक तो अंक हातात धरून त्याच्या दुकानात जात.

एका दुपारी तो छापखान्यात आला. कागदाच्या पुडीत बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा होता. काही सांगायचंय, पण कुठं बोलणार नाहीस म्हणून आधी हे उचल, म्हणाला. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडं कुणी मोडत नाही. मी असल्या प्रकारांची टर उडवणारा माणूस, त्यावर अग्रलेख लिहिलेला. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता, की घरात कुणाचं दुखणं असेल असं वाटलं. उचलला.

मग त्यानं सांगितलं. चरख्याचं सूत उभं लावलं की मागावर सारखं तुटतं. म्हणून वर्षभर उभा दोरा गिरणीचा लावत होता, आणि तोही विलायती. आडवा तेवढा बायकांचा. माझे लेख वाचलेस तेव्हा का बोलला नाहीस, असं मी विचारलं. तू इतकं चांगलं लिहिलं होतंस, म्हणाला.

“छापलंस तर माझं काय व्हायचं ते होऊ दे,” तो जाताना म्हणाला. “पण त्या बायकांचं सूत उद्या कोण घेईल? तू?”

त्या प्रश्नानं मला गप्प बसवलं. त्या आठवड्याच्या अंकात मी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल लिहिलं. ओळखीच्या मुली त्याच कापडाची पातळं नेसून विलायती कापडाच्या दुकानांपुढं पिकेटिंगला उभ्या होत्या. त्यांना टाळून मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

मग त्याच्या मागावरचा एक म्हातारा विणकर कचेरीत आला. त्यानं माझ्यापुढं दोन दोरे ठेवले. एक चरख्याचा, गाठीगाठीचा; एक गिरणीचा, सरळ.

“पंदरा दिस झाले,” तो म्हणाला. “मी मालकाला म्हनलो, हे बंद करा, न्हायतर पेपरात सांगतो. ते हसले. म्हनले, जा की. आदी त्या पेपरवाल्याच्या हातात बेल देतो, मग जा.”

मी दिवस मोजले. बेल उचलून मला बाराच दिवस झाले होते. धमकी आधीची होती आणि बेल नंतरचा. माझ्याकडं मन मोकळं करायला तो आलाच नव्हता. बातमी छापखान्यात पोचायच्या आत माझं तोंड बंद करायला आला होता. मी शपथेला हसेन पण त्याला नाही म्हणणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षांच्या सोबतीतून त्यानं नेमकं तेवढंच उचललं. विलायती सुताबद्दल मी त्याला कदाचित कधीतरी माफ केलं असतं.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं, की येत्या अंकात हे येणार.

“बेल उचललायस तू.”

“उचललाय,” मी म्हणालो. “मोडतोय.”

त्यानं कापडाची घडी घातली, परत उलगडली. “म्हणजे तू आधी पेपरवाला. बरं झालं कळलं, लेका.”

पहिल्या पानावर मी माझे दोन्ही लेख मागे घेतले आणि खाली त्याची हकीकत छापली. दुकान बंद झालं. त्याची आई मला पाहून पदर तोंडावर ओढते.

आणि तो म्हणाला होता तसंच झालं. आता खादी म्हटलं की लोक हात झटकतात. होटगीच्या बायका सुताची गाठोडी तशीच घेऊन परत जातात. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. हे माझ्या लिहिण्यानं झालं, आणि मला एकट्याला ते निस्तरता येत नाही.

मंगळवारच्या बाजारात त्या खालच्या टोकाला बसतात. कृपा करून तिथं जा. त्यांच्या सुताच्या लडीतला दोरा काढा, पीळ उलगडून बघा, खात्री पटेपर्यंत बघा, माझ्या शब्दावर विसंबू नका. मग ती लडी घरी घेऊन या.