दाजींचं गाऱ्हाणं

दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी मी बॅग घेऊन जीपमध्ये चढायला गेले, तर खाकी टोपी घातलेला एक उंच, सडसडीत माणूस आडवा आला.

"उतरा खाली, बाई. गाऱ्हाणा व्हवक नाय अजून."

मला वाटलं, जवळपास देऊळ असेल. पण तो माणूस जीपच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. त्याने वहाणा काढल्या, टोपी काखेत धरली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज जी काय ही तुझी लेकरां ह्या बायच्या आधारान रस्त्याक लागतत..." त्यावर कंपाउंडर आणि गळ्यात स्टेथोस्कोप लटकवलेले आमचे डॉक्टर हात जोडून एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आमच्या मुलखात देवाला असंच गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं एकेक करून मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी वालावलची, त्यामुळे लक्ष्मीनारायणासमोरची गाऱ्हाणी लहानपणापासून ऐकलेली. पण जीपसमोर घातलेलं गाऱ्हाणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तिच्या ब्रेकात तेल भरलेला रवांदे" म्हणताना त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचं झाकण उघडून आत बोट बुडवलं. "चाकांत वारो रवांदे" म्हणताना पान्याच्या दांड्याने चारही चाकं ठोकून त्यांचा आवाज ऐकला. पाणी झालं, इंजिनातलं तेल झालं, दिवे झाले, आणि शेवटी हात जोडून, "जर काय उणा आसात, तर ता हंयच अंगणात दाखव रे म्हाराजा, उतरणीर दाखव नको!"

"व्हय म्हाराजा!"

मला हसू आवरेना. त्याने ते पाहिलं. "हसा, बाई. हसताना माणूस बरा दिसता. पण तुमी 'व्हय म्हाराजा' म्हणल्याशिवाय गाडी सुरू जावची नाय." मी मुकाट्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. असे हे आमचे दाजी ड्रायव्हर.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीची. गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आमच्या किनाऱ्यावर मोटार दिसली की पोरं तिच्यामागे धावत. मिठबावच्या बाजूच्या एका गावात आमचा सरकारी दवाखाना होता. आजूबाजूच्या वाड्यांतला रोगी खाडी ओलांडून मोठ्या इस्पितळात न्यायचा तर आधार एकच, ती जुनी लष्करी जीप. तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं आणि छपराला चार ठिगळं होती. दाजी तिला "बाय" म्हणत. मुलीला मारावी तशी हाक मारत, आणि तिच्यावर कुणी ओरडलेलं त्यांना खपत नसे.

दाजी जन्माने मासेमाऱ्याच्या घरातले, पण होडी लागणारे. दर्यात गेले की ओकाऱ्या सुरू. "बापूस म्हणालो, ह्यो झील फुकट गेलो," असं ते स्वतःच सांगत आणि मोठ्याने हसत. मग लढाईच्या काळात ते पलटणीत गेले, गाडी चालवायला शिकले आणि ती खाकी टोपी घेऊन परत आले. टोपीचा त्यांना भारी अभिमान. रागही तसाच, नाकाच्या शेंड्यावर. आणि हॉर्नचा शौक तर असा की रस्त्यात कोंबडं नसलं तरी वळणावर हॉर्न वाजणारच.

रोज संध्याकाळी ते विहिरीचं गोडं पाणी काढून जीपचं पोट धूत. "खारो वारो म्हणजे लोखंडाची वाळवी," म्हणत. त्यांची बायको कुडाच्या आडून ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "माका कधी एक कळशी काडून दिल्यानी नाय, आणि तिका रोज न्हाण!" दाजींना ते ऐकू येत नसे. हव्या त्या वेळी बहिरं होण्याची कला त्यांना साधली होती.

ओढ्यातून जीप बाहेर काढली की ते काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून मुंगीच्या चालीने जात. मी एकदा घाई केली, तर म्हणाले, "आंघोळ केल्यार आंग पुसतास मा? मगे तिचे ब्रेक नको पुसूक?" उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. "ज्या गियरान चढलंव, त्याच गियरान उतराचा. उतरणीर गाडी मोकळी सोडतलो तो थेंबभर पेट्रोल वाचवतलो आणि माणसां घालवतलो." एकदा गावातले एक बडे प्रस्थ भरलेल्या जीपच्या मडगार्डवर चढून बसले. दाजींनी इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि फणसाखाली जाऊन पान लावत बसले. "एक तर तुमी उतरा, नायतर मी उतारलंयच आसंय." प्रस्थ उतरलं. जीप गेल्यावर पुढे आठवडाभर ते दाजींच्या नावाने खडे फोडत होतं.

या माणसाच्या गाडीत मी किती बाळंतिणी नेल्या याला गणती नाही. रोग्याच्या खाटेपेक्षा मला ती जीप जास्त भरवशाची वाटायची. म्हणून जे झालं ते सांगणं आजही जड जातं.

दाजींची आई वारली. पिकलं पान होतं, पण दाजींना फार लागलं. डोक्याचं मुंडण करून ते घरात सुतकात बसले. जीप शेडमध्ये उभी राहिली. डॉक्टर कामासाठी बाहेरगावी गेले होते. अशात खाली कोळवाडीतून निरोप आला, पार्वती नावाची पहिलटकरीण अडली आहे. मी धावत गेले. तिच्या पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. बाळाचा ठोका लागला नाही. बाळ गेलं होतं. आता आईला वाचवायचं तर खाडीपलीकडे नेणं भाग होतं. कळा देणाऱ्या बाईला अशा वेळी हे सांगायचं नसतं, तिचं बळ टिकवायचं असतं. तिला काही कळू न देता मी तिला खाटेवरून दवाखान्यात आणवलं आणि दाजींना बोलावणं धाडलं.

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना अडवलं. सुतकातल्या कर्त्या मुलाने घर सोडू नये, म्हणाले. दाजी उठलेच. "माझी आवस गेली, ती गेली. त्या पार्वती चेडवाची आवस थंय रडता हा." तुळतुळीत डोक्यावर टोपीही न घालता ते आले. पार्वतीला मागच्या बाजूला निजवलं आणि सवयीने मी हात जोडून उभी राहिले.

दाजींनी मान हलवली. "सुतकात गाऱ्हाणा घालूचा नसता, बाई. बसा."

सुतकात देवाला हाक मारायची नाही, दिवा लावायचा नाही, हा आमचा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. त्यात नवल काहीच नव्हतं. पण दाजींचं तोंड आणि हात इतकी वर्षं बरोबरीने चालत आले होते की शब्द थांबले तसे हातही थांबले. गाऱ्हाण्याशिवाय झाकण उघडणं त्यांना सुतक्याने गाभाऱ्यात पाय ठेवण्यासारखं वाटलं असावं. ते तसेच जाऊन बसले आणि जीप सुरू केली. जीप बाहेर निघाली तेव्हा शेडमधल्या मातीवर चाकाजवळ एक काळा ओला डाग होता, असं कंपाउंडरने मागाहून सांगितलं. ब्रेकचं तेल कितीतरी दिवस थेंबथेंब गळत होतं.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ-माळावरच्या, सपाट रस्त्याला काही जाणवलं नाही. खाडीकडची उतरण लागली आणि ब्रेकवरचा दाजींचा पाय तळापर्यंत गेला. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. जीप नेहमीप्रमाणे चढाच्याच गियरमध्ये होती, म्हणून वेग आटोक्यात होता. हातब्रेक ओढला, पण तो पुरेना. खाली तरीची, खाडीपार नेणाऱ्या होडीची, वाट पाहत माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. दाजी ओरडले, "धरा तिका!" आणि त्यांनी जीप डावीकडे, आपल्याच बाजूला, चिऱ्याच्या गडग्यावर, रस्त्याकडेच्या दगडी बांधावर, घातली. दगड खरवडत, किंचाळत ती थांबली. मला खरचटलं. पार्वतीला काही झालं नाही. दाजींचा डावा पाय पत्रा आणि गडग्याच्या मधे चिरडला होता.

पाट्या टाकून त्या बायकाच धावल्या. दोघांनाही खाटांवरून तरीपर्यंत आणि तरीतून पलीकडे नेलं. पार्वती वाचली. मूल मेलेलं जन्माला आलं.

शुद्धीवर आल्यावर दाजींनी पहिला प्रश्न बाळाचाच विचारला. मी खरं ते सांगितलं. "दाजी, ते पोटातच गेलं होतं. तुम्ही यायच्या आधीच मी ऐकलं होतं. तुमच्यामुळे काही झालेलं नाही." त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमी बऱ्या मनाची आसास. म्हणान असां सांगतास."

त्यानंतर मी हे त्यांना किती वेळा सांगितलं असेल! डॉक्टरांनीही समजावलं. त्यावर दाजी म्हणायचे, "डॉक्टरान खंय बघलेला? तुमी सांगलास ताच तो सांगता." माझ्याजवळ खऱ्याखेरीज दुसरं काही नव्हतं आणि नेमकं तेच त्यांना समजुतीचं खोटं वाटत होतं. यासारखं दुःख मी दुसरं पाहिलं नाही.

पाय जोडला गेला, पण आखूड झाला. त्यांना शेडची राखण दिली. चालवायला बसता आलं असतं, डॉक्टरांनी विचारलंही, पण ते पुन्हा स्टिअरिंगमागे बसले नाहीत. चालवायला त्यांच्या भावकीतला गुंडू आला. दाजींनी त्याला सगळं शिकवलं, गाऱ्हाणंसुद्धा. गुंडू गाऱ्हाणं घाली तेव्हा दाजी लांब खांबाला टेकून उभे राहायचे. त्यांचे ओठ हलायचे, आवाज निघत नसे. फक्त एक गोष्ट त्यांनी नव्याने जोडली होती आणि ती ते गुंडूला पुन्हा पुन्हा बजावत, "सुतक देवाक आसता रे, ब्रेकाक नसता. तोंड बंद ठेव, हात बंद ठेव नको."

पुढे पार्वतीला मुलगा झाला, धडधाकट. जरा मोठा झाल्यावर तिने तो आणून दाजींच्या मांडीवर ठेवला. "दाजीनू, तुमी गाडी गडग्यार घातलास म्हणान मी जिती आसंय आणि म्हणान ह्यो आसा." दाजींनी आपली टोपी त्या बाळाच्या डोक्यावर ठेवली. ती त्याच्या हनुवटीपर्यंत आली, आम्ही हसलो, दाजीही हसले. मग हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "ह्यो इलो, बरा झाला गो. पण तो पयलो कोणी घालवलो, ता माका ठावक आसा." पार्वतीने माझ्याकडे पाहिलं. मी बाळाच्या तोंडावरची टोपी वर सरकवली.

काही वर्षांनी एका थंडीत दाजी तापाने गेले. पहाटे गेले आणि सकाळी निरोप आला, त्याच वेळी पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला छातीत कळा येतात म्हणून दवाखान्यात आणलं. डॉक्टर आणि कंपाउंडर दाजींच्या घराकडे गेले होते आणि म्हाताऱ्याला ताबडतोब खाडीपार न्यायला हवं होतं. गुंडू दाजींच्या घरून उठून आला. त्याला सुतक लागलं होतं. म्हाताऱ्याला मागे निजवून त्याला आणणारे होडी थांबवायला पुढे धावले आणि गुंडू जीपसमोर उभा राहिला. त्याने वहाणा काढल्या आणि तोंड मिटून पायाखालचं झाकण उघडलं, तेलात बोट बुडवलं. मग पाना घेऊन तो पहिल्या चाकाकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत.

दाजी माझे भावकीतले नव्हते. माझ्या मनाला काहीही वाटत असो, मला सुतक नव्हतं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, हे मला माहीत होतं. मी वहाणा काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि गुंडूच्या हातांबरोबर म्हणत गेले, ब्रेकात तेल, चाकांत वारो, टाकयेत पाणी. इतकी वर्षं रोज ऐकून एकही शब्द चुकला नाही. शेवटाला मात्र मी माझं एक मागणं जोडलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझो एक ड्रायव्हर तुझ्या दारात इलो हा. ता पोर त्याच्या हातान गेला नव्हता. मी सांगून थकलंय, त्याका पटूक नाय. आता तू तरी त्याका पटव रे म्हाराजा!"

सुतकामुळे गुंडूला "व्हय म्हाराजा" म्हणता येत नव्हतं. तो चाकापाशी तसाच वाकून राहिला. तेवढ्यात मागून, त्या छातीवर हात दाबून पडलेल्या म्हाताऱ्याचा क्षीण आवाज आला. दाजी कोण, कुठलं पोर, त्याला काही ठाऊक नव्हतं. पण गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या मुलखातला माणूस गप्प राहत नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.