गाडीचा कोड आणि दत्तूमामांचा कान

इंजिन खोलून परत बसवलं की दोन-चार नट हातात उरतातच! कुठले, कुठून आले, कुणालाच सांगता येत नाही. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि उरलेले नट आपण डब्यात टाकून मोकळे होतो. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजात मी पंधरा-सोळा वर्षं काढली. नटांचा डबा भरला, तसे किस्सेही साठत गेले. त्यातला कुठला कशाचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आधी माणसं सांगतो, तीनच आहेत. गॅरेजचे मालक आप्पा. नवी वस्तू दिसली की यांचे हात शिवशिवणार! हेडमेस्त्री दत्तूमामा, कार्बोरेटरच्या जमान्यातले. इंग्रजी शून्य, पण गाडी फाटकातून आत येता येता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "दुसऱ्या नंबरचा प्लग गेलाय." आणि तिसरा मी, आयटीआय केलेला वायरमन. इंग्रजी वाचता येतं, एवढ्या एका गुन्ह्यापायी पुढे सगळी यंत्रं माझ्याच गळ्यात पडली.

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉम्प्युटरवाल्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. स्कॅनर आम्ही तेव्हा पाहिलासुद्धा नव्हता. एका सॉकेटात वायरचा तुकडा खोचून दोन पिना जोडायच्या, की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मिचमिच करायला लागायचा. एकदा, मग जरा थांबून तीनदा, म्हणजे कोड तेरा. तेरा म्हणजे कुठला बिघाड, ते झेरॉक्सच्या कागदावर बघायचं.

सोपं वाटतं ना? तिघांना मोजायला बसवा आणि बघा! मी म्हणायचो तेरा, आप्पा म्हणायचे एकतीस आणि मामा म्हणायचे, "मला तर एकशे एकतीस दिसलं!" दिवा थांबायचाच नाही, मग सुरुवात कुठली आणि शेवट कुठला?

मंगळवार पेठेतले कांबळे सर शाळेत गणित शिकवायचे. आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती, सेकंडहँड. "सगळं ठीक आहे ना, एवढंच बघा," म्हणाले. गणिताचा मास्तर म्हणजे मोजायला हक्काचा माणूस! त्यांनाच दिव्यासमोर बसवलं. एक, मग दोन. पुन्हा एक, मग दोन. आता त्या गाडीत कोड बारा म्हणजे सगळं ठीक, कसलाही बिघाड नाही. मी आनंदानं ओरडलो, "बारा! सर, बारा!"

सर गाडीतून उतरले आणि शेजारच्या टायरवर मटकन बसले.

"अहो, परवाच घेतली. दोन दिवसांत बारा वाजले?"

"सर, बारा म्हणजे चांगलं!"

"कुठल्या शाळेत?"

मामांनी चहा मागवला. चहा पिऊन सर जरा सावरले आणि त्यांनी शंका काढली, "समजा, तेरा आलं असतं तर?"

मी म्हणालो, "तेरा आलं असतं तर बारा वाजले असते, सर!"

सर तडक गाडी घेऊन गेले. पुढं चार वर्षं ती गाडी छान चालली, पण सरांनी माझ्यावर विश्वास म्हणून कधी ठेवला नाही.

*

मग आप्पांनी पुण्याहून स्कॅनर आणला. पाटीएवढं यंत्र, छोटी स्क्रीन, शेपटासारखी लांब वायर. गाडीला जोडलं की बिघाडाचा कोड स्वतःच लिहून दाखवणार, मोजामोजी बंद! आप्पा गॅरेजभर मिरवत होते. मामा लांबूनच बघत होते. दुपारी डबा खाताना मला हळूच म्हणाले, "हे सगळंच सांगतंय व्हय रं? मग मी काय करू?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्यांनी भाकरी अर्धीच ठेवली, हे माझ्या लक्षात आलं.

खंडेनवमी जवळच होती. आप्पा म्हणाले, पूजा झाल्याशिवाय यंत्र गाडीला लावायचं नाही. पान्यांच्या, जॅकच्या ओळीत स्कॅनर मधोमध मांडला. हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आप्पांनी दोन्ही हातांनी वाहिलं!

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी जोडली. स्क्रीनवर आलं, संपर्क होत नाही. मी फ्यूज बघितले, गाडीची बॅटरी बदलली, निम्मं वायरिंग उघडलं. दुसरी गाडी जोडली, तेच. आप्पा पुण्याला फोन लावून भांडायला लागले. तेवढ्यात मामा आले, यंत्राच्या वायरचं टोक हातात घेतलं, उलटं करून तळहातावर आपटलं. चिमूटभर कुंकू पडलं! मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यांनी पिना साफ केल्या. यंत्र चालू.

आप्पांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय फॉल्ट हुता?"

मामा म्हणाले, "आपली भक्ती!"

*

स्कॅनरचा सगळ्यात मोठा घोटाळा माझ्याच तोंडून झाला. साखर कारखान्याचे एक डायरेक्टर होते. त्यांच्याकडे भावानं इंग्लंडहून आणलेली जुनी गाडी होती. कारखान्याची इलेक्शन तोंडावर आली होती, त्यामुळे साहेबांबरोबर सात-आठ कार्यकर्ते. इंजिनाचा दिवा लागलाय म्हणाले. मी यंत्र जोडलं. धूर स्वच्छ करणारा भाग नीट काम करत नसला की एक ठरावीक नंबर येतो, तो आला. मी आपला सवयीनं मोठ्यानं वाचला.

"चारशे वीस!"

सगळे कार्यकर्ते माझ्याकडं वळले. एक कार्यकर्ता पुढं आला. "ए पावणं, कुणाला म्हणतोयस?"

"मी नाही हो, यंत्र म्हणतंय!"

"यंत्राला कुणी शिकवलं?"

मी घाईघाईनं बटण दाबून कोड पुसून टाकला. बघा, गेला! सगळे खूश. साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी गाडी परत. दिवा लागलेला, नंबर तोच. नुसता कोड पुसून बिघाड थोडाच जातो! साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुसलं तरी परत तेच म्हणतंय. विरोधकांनी काय केलं नसंल न्हवं?"

मामांना मध्ये पडायची काही गरज नव्हती. पण मला वाचवायला म्हणून पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, मनावर घेऊ नका. यंत्र हाय ते, खरं काय असंल ते बोलून जातंय!"

इलेक्शन होईपर्यंत स्कॅनर कपाटात होता.

*

मामांच्या कानाचं कळलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. नृसिंहवाडीचे एक पेढेवाले गाडी घेऊन आले. चढावर गाडी दम टाकते, पळतच नाही. मी यंत्र जोडलं, कोड आला एका सेन्सरचा. मला दुसऱ्या गाडीचं काम होतं, म्हणून लांबूनच ओरडलो, "मामा, सेन्सर काढा! नवा घालूया!"

तासाभरानं येऊन बघतो तर मामा गाडीखाली आडवे आणि अख्खा सायलेन्सर काढून जमिनीवर ठेवलेला!

"मामा, हे काय?"

"तूच म्हणालास की, सायलेन्सर काढा!"

मी कपाळावर हात मारला. पेढेवाले दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मामांनी सायलेन्सर उचलून हलवला. आत खडखड! कापून बघितला, तर आतला पत्रा तुटून आडवा पडलेला, धुराला वाटच नाही. नवा सायलेन्सर घातला, गाडी वाऱ्यासारखी गेली. तो कोड पुन्हा आलाच नाही.

म्हणजे यंत्र चुकलं, का मी, का मामा? की तिघंही चुकलो आणि गाडी बरोबर झाली? पेढेवाल्यांनी पेढे आणून दिले. आप्पांनी विचारलं, "कुणाला देऊ?" शेवटी तिघांत वाटून खाल्ले.

पेढा खाताना आप्पा मात्र मामांकडे बघत होते. मीही बघत होतो. सेन्सरचा सायलेन्सर झाला, ते गमतीत सोडून देण्यासारखं नव्हतं.

*

महिनाभरात खात्रीच झाली. एका बाईंची गाडी होती. पन्हाळ्याच्या घाटातच आवाज करते, गावात नाही. म्हणून आम्ही तिघं आणि त्या बाई, असे पन्हाळ्याला निघालो. आप्पा गाडी चालवतायत, मागं माझ्या मांडीवर स्कॅनर, मामा पुढं कान देऊन बसलेले. वाघबीळ ओलांडलं आणि इंजिनातून बारीक शिट्टी सुरू झाली. बेल्ट सरकत होता. स्कॅनरमध्ये कोड नाही. बाई म्हणाल्या, "हाच! हाच आवाज!"

मामा म्हणाले, "कुठला? गाडी एकदम झकास हाय की!"

शिट्टी चालूच होती. आप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. बाई काही बोलणार होत्या, मी मान हलवून त्यांना थांबवलं. मामांनी आमची तोंडं बघितली आणि त्यांना कळलं. परत येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाचं सगळं पोट कानावर, त्याचाच कान गेला तर त्यानं करायचं काय?

आप्पा वाईट माणूस नव्हते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मामांना कानाच्या डॉक्टरकडं घिऊन जा. त्यांनी लिहून दिलं की कान चांगला हाय, तर मामा हेडमेस्त्री. कान गेलाय म्हणून लिहिलं, तर त्यांना गाडीला हात लावू देणार न्हाय मी. उद्या चाकाचा आवाज ऐकला न्हाय आणि गाडी तशीच सोडली तर? माणसं बसत्यात रं गाडीत."

मी डॉक्टरांची वेळ घेतली.

*

राजारामपुरीतले डॉक्टर. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. स्कूटरवर माझ्या मागं बसून एकदाच बोलले, "घरात बसून करू काय रं मी?"

आत एक छोटी खोली. टेबलावर यंत्र, त्याला वायरी, छोटी स्क्रीन. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हितं पण हाय व्हय हे!" डॉक्टरांनी त्यांना भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांवर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. मामांनी दाबलं की यंत्रावरचा दिवा लागायचा. हे सगळं मी त्यांना हातवारे करून सांगितलं, कारण डॉक्टरांचं बोलणं त्यांना ऐकूच जात नव्हतं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले, फॉर्मवर नाव लिहायला लागले. दिवा लागला.

डॉक्टरांनी वर बघितलं. पुन्हा लागला. मग पुन्हा. एका ठेक्यात, सारखं अंतर ठेवून.

डॉक्टर म्हणाले, "मी अजून आवाज सोडलेलाच नाही!"

मी जाऊन मामांचा खांदा हलवला, एका कानावरचा हेडफोन काढला आणि ओरडलो, "मामा, अजून सुरू न्हाय केलं! बटण कशाला दाबताय?"

मामांनी बोट वर केलं. छताचा पंखा अगदी हळू फिरत होता.

"खालच्या बेअरिंगची गोळी फुटलीया," मामा म्हणाले. "वरचं चांगलं हाय. फेऱ्याला एकदा टक् करतंय."

मी कान दिला. काही नाही. डॉक्टरांनी डोळे मिटून कान दिला. काही नाही. मग त्यांनी पंखा बंद केला, स्टुलावर चढले आणि पातं हातानं हळूहळू फिरवलं. एका जागी पातं अडकलं. पुढं फिरवलं. फेरा पुरा झाला आणि त्याच जागी पुन्हा अडकलं.

डॉक्टर खाली उतरले. पंखा बंद ठेवून खरी तपासणी केली. यंत्रातून एकामागून एक आवाज सोडले, खूप वेळ सोडले. मामा बटणावर अंगठा ठेवून शांत बसून होते. दिवा दोनदाच लागला.

डॉक्टरांनी आप्पांसाठीचा कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि तसेच थांबले. एकदा पंख्याकडं बघितलं, एकदा मामांकडं.

"मला स्वतःला ते टक् ऐकू आलं नाही हो," ते म्हणाले. "आता यात मी लिहू काय?"

मामांनी कानामागं हात धरला आणि पुढं वाकले.

"आँ? जरा मोठ्यानं बोला की, डॉक्टर!"