भाग्याचं भोक

माझ्या मुलीच्या उजव्या कानापुढे, गालाला लागून, टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. जन्मापासूनचं. आमच्या लोणी गावात माझे वडील, आबा, म्हणत, "लक्ष्मी हाय ती." त्यामुळे नव्या ट्रॅक्टरवर पहिली तीच बसणार, बराखीत कांदा साठवायला भरताना पहिली पाटी तिच्याच हातची. बायकोच्या माहेराहून, मढहून, सासूबाई आल्या की सांगत, "ह्ये भोक आमच्या घराण्याचं." आबा चिडायचे.

ती नववीत असताना तिथं गळू आलं. गावातल्या डॉक्टरांनी फोडलं. बरं झालं, आणि पुन्हा आलं. माझी खात्री पटली की पाप माझंच. लहानपणी तिचे कान टोचताना मीच तिला मांडीवर आवळून धरलं होतं.

नारायणगावच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. आबा आणि सासूबाईही आल्याच. मी बसल्या बसल्या सगळा गुन्हा कबूल केला.

"टोचण्याचा काही संबंध नाही हो," बाई म्हणाल्या. "पोटात बाळाचा कान छोटे छोटे उंचवटे जुळून बनतो. एखादा सांधा नीट मिटला नाही की आत बारीक नळी राहते. ती तुंबली की पिकते. आधी औषधानं सूज उतरवू, मग अख्खी नळी काढू. तुकडा राहिला तर पुन्हा येतं."

किती हलकं वाटलं मला!

"घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"आमच्यात न्हाई," आबा लगेच म्हणाले. "मढचं हाय ते."

"आमच्यात कुणालाच नाय, पावणं!" सासूबाई.

बाईंनी बॅटरी घेतली आणि माझे कानापुढचे कल्ले बोटानं बाजूला सारले. "मग हे काय?"

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. आबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मी कल्ल्याखाली चाचपलं; टाचणीएवढं भोक होतं.

सुजल्या गालानं मुलगी म्हणाली, "माफ केलं, बाबा. पण ऑपरेशनच्या टेबलावर आधी तुमी झोपायचं."

"त्यांचं पिकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याला हात लावायचा नाही."

ऑपरेशन नीट झालं. कानापुढे दोऱ्याएवढा व्रण राहिला, गळू परत आलं नाही. पण भोकही गेलं. परवा चुलत्यांचा नवा ट्रॅक्टर आला, तेव्हा आबा बराच वेळ माझ्या कल्ल्यांकडे बघत राहिले.

तर या वयात, गळ्यात झेंडूचा हार घालून, मी सीटवर चढलो. सगळं भावकीचं लटांबर हसत होतं. खालून मुलगी ओरडली, "बाबा, नारळ फुटंस्तोवर कान खाजवू नका, लक्ष्मी पळंल!"

खाजवला नाही. एवढं तरी मी तिचं देणं लागतो.