कानपिळीपुरता

या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा मान हलवून पान उलटते. मुलुंडच्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. डोंगर कसा होतो, पाणी कुठे मुरतं, प्रतिध्वनी का येतो, हे मुलांना समजावून सांगणारी बाई मी. घरात भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची. तेव्हा जे लिहिते आहे ते लिहिताना मला फार लाज वाटते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही... पण लाज वाटण्यासारखं आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. नाहूरच्या बाजूला तेव्हा बरीचशी मोकळी रानं होती. आमची दोन मजली इमारत त्यांना लागूनच होती. घरात आम्ही तिघी – सासूबाई, धाकटी नणंद कुंदा आणि मी. हे आदल्या वर्षी गेले. काविळीचं निमित्त झालं. ह्यांना किल्ल्यांचं वेड. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन डोंगरात. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मलाही नेलं होतं – कर्जतच्या पुढे, सह्याद्रीच्या ऐन धारेवर असलेल्या एका किल्ल्यावर. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणी तिथे काही मागायला जाऊ नये.

ह्यांच्या माघारी मित्रांनी ठरवलं की दर हिवाळ्यात त्याच किल्ल्यावर जायचं. पहिल्या वर्षी मनोहर – ह्यांचा शाळेपासूनचा मित्र – मला बोलवायला घरी आला. मी नको म्हणत होते.

"वहिनी, चला ना. तुम्ही नसलात तर आम्ही नुसते पत्ते कुटत बसू," तो म्हणाला.

सासूबाईच म्हणाल्या, "जा गं. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा डोंगराकडे बघ."

गेले. वाटेत मनोहर नव्या पोरांना इतिहास सांगत होता, अगदी ह्यांच्या पद्धतीने, ह्यांच्याच चुकांसकट. टाकी खोदलेली फार जुनी, त्यावर कोट चढवला सुलतानांच्या काळात, मग मराठ्यांनी घेतला, आणि शेवटी इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. म्हणून वरचा टप्पा हातापायांवर चढावा लागतो. माथ्याखाली कातळात खोदलेलं एक खांबटाकं आहे. आत दोन खांब, त्यामागे अंधार, आणि पाणी इतकं गार की हात बुडवला की बोटं दुखतात.

त्या टाक्याची गोष्ट अशी. पायथ्याच्या गावात कोणाकडे लग्नकार्य असलं की घरच्या माणसाने आदल्या संध्याकाळी इथे यायचं, तांदूळ वाहायचे, आणि कार्य कोणतं, काय हवं, ते मोठ्याने सांगायचं. मागे वळून न बघता उतरायचं. सकाळी काठावर भांडी मांडलेली असायची – पातेली, परात, पळ्या. कार्य झालं की घासून परत करायची. मग एकाने एक पळी ठेवून घेतली. तेव्हापासून टाकं काही देत नाही.

"एका पळीसाठी वाट लावली साल्याने सगळ्या गावाची," मनोहर म्हणाला.

"बरंच झालं की. भांडीवाल्यांचा धंदा सुरू झाला," एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच.

दिवस मावळायला आला तेव्हा ते सगळे गुहेत चहा टाकत होते. मी पाणी आणायचं निमित्त केलं आणि टाक्यावर गेले. खिचडीच्या पिशवीतले मूठभर तांदूळ बरोबर घेतले होते... म्हणजे आधीच ठरवलं होतं म्हणायचं. कुंदाचं लग्न ठरलं होतं, माघात. आमच्याकडे नवरीचा भाऊ मांडवात नवऱ्या मुलाचा कान पिळतो. हे कुंदाला लहानपणापासून चिडवायचे, "ठमे, तुझ्या नवऱ्याचा कान असा पिळीन की तो आठवडाभर एका कुशीवर झोपेल." ठमी हे नाव फक्त ह्यांचं. दुसरं कोणी तिला ते म्हटलेलं खपायचं नाही.

मी तांदूळ वाहिले आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "घरात लग्नकार्य आहे. श्रीधर हवेत. कानपिळीपुरते द्या. परत करीन."

ह्यांचं नाव मी उखाण्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने घेत होते. ते खांबांमागे जाऊन परत आलं. प्रतिध्वनी का येतो, ते मला ठाऊक होतं. तरी मी पुन्हा म्हणाले, "परत करीन. नक्की करीन." एखाद्या शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशी!

वळले तर मनोहर उभा. त्याने ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, चहा गार होतोय."

सकाळी मी टाक्याकडे फिरकले नाही. काठावर काही नसणार हे माहीत होतं, आणि ते बघायचं नव्हतं.

लग्न आमच्याच इमारतीच्या अंगणात मांडव घालून झालं. जावई अरविंद गोरेगावचे. त्यांनी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. कानपिळीसाठी कुंदाचा मावसभाऊ शेखर ठरला होता. मी तळमजल्यावरच्या कोठीच्या खोलीत लाडवांपाशी बसले होते. मला कोणी बसवलं नव्हतं. सासूबाई दोनदा दारात येऊन गेल्या. "शिकलेली ना तू? मग बाहेर ये की." पण सकाळीच कोणीतरी काकू कुजबुजल्या होत्या, "ती समोर नसलेली बरी." ते कानात बसलं होतं. मी म्हटलं, "आई, लाडू कोण बघणार?"

मधल्या विधींनंतर बाहेर गलका झाला – "कानपिळी, कानपिळी! शेखर, कुठे आहेस रे?" आणि मग अरविंदांचा आवाज ऐकू आला, हसरा.

"पुन्हा? अहो, एक कान किती वेळा पिळणार?"

"मी कुठे पिळला? मी तर आत्ता येतोय," शेखर म्हणाला.

"मग ते कोण होते? आत्ता मागून आले, चष्मेवाले, चष्म्याच्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. कसला पिळलाय! आणि हात बर्फासारखे, ओलेगार. हात तरी पुसून यायचं... हे बघा, उपरणं भिजलं. ठमीला सांभाळा म्हणाले. ठमी कोण हो?"

मग कुंदाचं रडणं ऐकू आलं.

तो काळा दोरा मी गुंडाळला होता. ह्यांचा चष्मा माझ्या कपाटात होता. अजून आहे.

आणि मी उठले नाही. दार चार पावलांवर होतं. उठावं, धावावं, मांडवात, फाटकात, रस्त्यावर बघावं, असं अंगातला कण न् कण म्हणत होता. पण एवढ्या लोकांत मी धावत बाहेर आले तर बायका काय म्हणतील... त्या क्षणी माझ्या मनात हे आलं. हात बुंदीने चिकट झाले होते, ते पदराला पुसत मी बसून राहिले. ज्या माणसासाठी पाण्यापुढे पदर पसरला, तो आला असेल तर माझ्यापासून एका भिंतीपलीकडे उभा होता. आणि मी लाजत होते.

नंतर पुष्कळ चौकशी केली. वऱ्हाडातल्या कोणी थट्टा केली असेल म्हणून एकेकाला विचारलं. दोऱ्याचा चष्मा कोणाचाच नव्हता. ठमी हे नाव बाहेरच्याला कळणं कठीण. भिजलेलं उपरणं सासूबाईंनी नाकाशी धरलं. त्याला शेवाळाचा वास येत होता. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण ते धुवायलाही दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मनोहर पुन्हा आला. दारातच चपला काढता काढता हळूच म्हणाला, "वहिनी... परत करीन म्हणाला होतात."

मी म्हटलं, "यंदा जमणार नाही."

त्यानंतरही कधी जमवलं नाही. मनोहरने पुन्हा विषय काढला नाही. काय घडलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि भूगोलात ते सापडत नाही. पळी ठेवून घेणाऱ्या त्या माणसाला मात्र मी आता हसत नाही.

लग्नाचं बोलावणं आलं की मी जाते. कोणी काहीही म्हणो, पुढच्या रांगेत बसते. कानपिळीची वेळ झाली की चष्मा पुसून घेते आणि नवऱ्या मुलाच्या मागे बघत राहते.