केसांवर आलेला डबा

धुळ्याच्या देवपुरात ब्लाउज शिवणाऱ्या सुलक्षणाला किळस यायला फार मोठं कारण लागत नसे. पाहुण्याने पेला ओठाला लावला की तो राखेने घासला जाई. हात धुतल्याशिवाय गिऱ्हाइकाने कापडाला बोट लावायचं नाही, हा नियम गल्लीतल्या मांजरींनाही पाठ होता. भाजीत केस निघाला तर तो कुणाचा, याचा छडा लागेपर्यंत ती घोटभर पाणीही पीत नसे.

आणि आता गंमत पाहा. श्रावणात तिला डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या तोंडावर तिचेच केस गळायला लागले. उशीवर केस, वरणात केस. न्हाणीच्या मोरीतून फेसात लडबडलेला बुचका ओढताना तिला ओकारी येई. शिव्या तरी कुणाला द्यायच्या? घाण तिच्याच डोक्यातून निघत होती.

मग नेहमीची गिऱ्हाईक पुनम शिवून नेलेला लग्नाचा ब्लाउज घेऊन परत आली. शिवणीतून हातभर केस ओढत म्हणाली, "वहिनी, हा दोरा मी सांगितला नव्हता."

हसून म्हणाली, पण पिशवीतलं दुसरं कापड काही तिने बाहेर काढलं नाही. सुलक्षणाने ते बरोबर पाहिलं. असंच चाललं तर सगळी लग्नसराई हातची जाणार होती.

तिचा नवरा प्रेमराज या खेळातला जुना गडी. टाळूवर चंद्र उगवल्यापासून त्याने कांद्याचा रस, कच्चं अंडं, कुण्या बाबाचं काळं तेल, सगळं चोपडून पाहिलं होतं. केस आले नाहीत, माशा मात्र आल्या.

"तूही कांदा लावून बघ," तो म्हणाला.

"तुमच्या शेजारी बसलं की भज्यांच्या गाडीवर बसल्यासारखं वाटतं. एक गाडी पुरे," ती म्हणाली आणि त्यालाच ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी भांग निरखला, रक्त तपासायला लावलं. थायरॉइड ठीक होता, लोह कमी होतं. "भांग रुंद झालेला नाही, म्हणजे हे टक्कल नव्हे. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात. मुळं शाबूत आहेत. लोहाच्या गोळ्या घ्या, नीट जेवा, परत येतील." मग त्या प्रेमराजकडे वळल्या. "तुमचं घराण्यातून आलंय. औषध रोज लावावं लागेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, उरलेलं टिकेल."

"किती दिवस लावायचं?"

"केस हवेत तितके दिवस."

प्रेमराजने वाटेत औषधाची सगळ्यात लहान बाटली घेतली.

लोहाचं ऐकून सासूने, यशोदाबाईंनी, लगेच अळिवाचे लाडू वळले. सुलक्षणाला भरून आलं. दुसरा लाडू तोंडात टाकताना तिचं लक्ष डब्याकडे गेलं. कोरा, झगझगीत, बिनझाकणाचा.

"आई, हा डबा कुठला?"

"तुनाच शे. केस देईसनी लिना."

गल्लीत केसांवर, म्हणजे गळलेल्या केसांच्या बदल्यात, भांडी देणारी बाई यायची. म्हातारीने फणीतले, उशीवरचे आणि हो, मोरीतलेसुद्धा केस वाळवून पिशवीत साठवले होते.

"इतला लांब केस, फेकी देवाना का?" यशोदाबाईंनी विचारलं. "झाकन पुढच्या खेपले, अजून केस दिधा का देस म्हने ती."

तोंडातला लाडू सुलक्षणाने नेमका त्याच मोरीत थुंकला. त्या दिवसापासून तिचे लाडू तिच्या डोळ्यांसमोर, धुतल्या हातांनी वळून काचेच्या बरणीत जाऊ लागले. डब्यातले प्रेमराजने संपवले. त्याला कशाचीच किळस नव्हती.

होळीपर्यंत गळती थांबली. कपाळावर कोंबडीच्या पिलासारखी लव उभी राहिली. पुनम आईचा ब्लाउज शिवायला टाकून गेली, तेही हात धुऊन.

आणि केसवाली आली. यशोदाबाईंनी पिशवी झटकली, सुपारीएवढा गुंता पडला. त्यांनी आधी मुलाच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे आखूड केस, तेही मोजके. मग त्यांची नजर सुनेच्या वेणीवर येऊन थांबली.

सुलक्षणाने वेणी पदराखाली घेतली आणि आत जाऊन कडी लावली.

"झाकन राही गयं ना माय," बाहेर यशोदाबाई केसवालीला सांगत होत्या. "सून बरी व्हई गई."